भिंतीवरच्या शरणम्मा

परंड्यात किल्ल्याकडं जाणाऱ्या गल्लीतल्या एका भिंतीचा उपयोग पुरुषमंडळी पिढ्यान्‌पिढ्या एकाच कामासाठी करत आली होती. सूचना लिहून झाल्या, देवांच्या टाइल्स लावून झाल्या. लोक देवाला नमस्कार करून दोन पावलं बाजूला सरकत. मग जुन्या गावात जीव आणायचा म्हणून सरकारी खर्चानं भिंती रंगवायचं ठरलं, आणि चित्रकार निकितानं तिथं घरमालकीण शरणम्मांचाच दोन मजली चेहरा काढला. कपाळावर विभूती, नजर थेट खाली. भिंत एका दिवसात कोरडी झाली.

शरणम्मांना चित्र आवडलं, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उभ्या संसारात त्यांचा एकटीचा फोटो तेवढा आधार कार्डावर होता, आणि त्यात त्या फरार असल्यासारख्या दिसत. आता त्या गल्ली सकाळ-संध्याकाळ झाडू लागल्या.

बाजाराच्या दिवशी घोटाळा झाला. ईट गावचे धुळाप्पा, शरणम्मांच्या नवऱ्याचे, महालिंगप्पांचे, जुने स्नेही, गल्लीतून येताना थबकले. आपल्याकडं एवढा मोठा फोटो जिवंतपणी फक्त पुढाऱ्याचा लागतो, आणि शरणम्मा काही निवडणुकीला उभ्या नव्हत्या. धुळाप्पांनी हार आणला, चित्राखालच्या खिळ्याला अडकवला, उदबत्ती लावली आणि घरात येऊन महालिंगप्पांसमोर टोपी काढून बसले.

"लई वाईट झालं. कळवलंबी न्हाय तुमी."

"काय कळवायचं?"

"वैनी गेल्याचं."

"च्या घ्या भावजी," आतून येत शरणम्मा म्हणाल्या.

धुळाप्पांनी घेतला. निम्मा बशीत, निम्मा धोतरावर.

तो हार बघून बाजाराला आलेले बाकीचेही हार आणू लागले, आणि संध्याकाळपर्यंत खिळ्याला हार मावेनात. महालिंगप्पा चुन्याची बादली घेऊन भिंतीपाशी आले, मागोमाग शरणम्मा.

"पुसणार. जित्या माणसाला हार म्हंजे अपशकुन."

"हार लोकांनी घातला. चित्रानं काय केलं?"

"तुला काय झालं म्हंजे?"

मागं शरणम्मा दुखरा गुडघा धरून बसल्या होत्या तेव्हासुद्धा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"व्हायचं ते कवातरी व्हणारच की," त्या म्हणाल्या. "पुसलं म्हून थांबतंय व्हय? ऱ्हाऊ द्या. मला बगायला बरं वाटतंय."

महालिंगप्पांनी बादली खाली ठेवली. शेजारच्या भिंतीवर निकिता शिडीवरून किल्ल्याचा बुरूज रंगवत होती. ते तिच्याकडं वळले.

"पोरी, हिच्या शेजारी जागा हाय का?"

"कशाला, आजोबा?"

"मलाबी काढ. अपशकुनच व्हायचा आसंल तर एकटीला कशापायी?"

निकितानं शरणम्मांकडं पाहिलं.

"काढ," शरणम्मा म्हणाल्या. "पण जरा बारीक काढ. आन् मिशा हायत तेवढ्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळी महालिंगप्पा धुतलेली टोपी घालून भिंतीसमोर खुर्चीत बसले, ताठ, श्वास रोखून. श्वास घेतला तरी चालतंय, हे सांगायला शरणम्मांना भाकरी तव्यावर सोडून बाहेर यावं लागलं.