माझ्या पोटातला ध्रुवावरचा बर्फ

मित्रांनो, आधी झाकण लावा, मग बोलू. सगळी गार हवा बाहेर चालली आहे आणि ती पुन्हा गोळा करायला मलाच राबावं लागतं. हं, आता कसं!

मी एक फ्रीझर आहे. जुना म्हणालात तरी राग नाही, कारण जुना आहेच. लांबट पेटी, वर सरकतं काचेचं झाकण, पोटात दोन कप्पे आणि मागे जाळीआड मोटार. पोट कायम गारठलेलं आणि पाठ कायम तापलेली, अशा अवस्थेत उभं आयुष्य काढलं की स्वभाव तिरसट होतो. तुम्ही माझ्या जागी असतात तर तुमचाही झाला असता.

कारखान्यात पत्रे ठोकून मला कोणी बनवलं ते काही आठवत नाही. आठवतं ते आइस्क्रीमचं दुकान. मी तिथे नोकरीला लागलो. मालक बुटके, गोलमटोल आणि अखंड बडबडे. रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारायचे, "अहो, या की! घेऊ नका, नुसतं बघून तरी जा!" माणूस बघायला म्हणून आत यायचा आणि दोन्ही हातांत दोन कोन घेऊन बाहेर पडायचा. पोरं माझ्या काचेला नाकं लावून उभी राहायची. संध्याकाळी माझ्या तोंडावर नुसते नाकांचे ठसे! मालक ते फडक्याने पुसत आणि मला म्हणत, "बघ लेका, किती जणांनी पापे घेतले तुझे." खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

मालकांची एकुलती एक मुलगी म्हणजे ठमी. खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त शाळेत वापरायचे. उन्हाळ्यात ती माझ्या अंगाला पाठ टेकून जमिनीवर बसे आणि अभ्यास करे. अभ्यास थोडा आणि प्रश्न फार.

"बाबा, बर्फ पांढरा का दिसतो?"

"दूध घातलंय म्हणून."

"पण नुसत्या पाण्याचा पण पांढराच दिसतो!"

"ठमे, गिऱ्हाईक आलंय. नंतर सांगतो."

ते नंतर काही आलं नाही. शेवटी उत्तर शोधायला पोरगी थेट दक्षिण ध्रुवाकडे गेली. आता सांगा, बापाने वेळेवर उत्तर दिलं असतं तर एवढी पायपीट पडली असती का?

पुढे मालक थकले, दुकान बंद झालं आणि ठमीने मला आपल्या संस्थेत आणलं. ही संस्था ध्रुवांवरच्या बर्फाचा अभ्यास करते. मागच्या बाजूला मोठी शीतखोली आहे. तिथे बर्फाचे लांबच लांब दांडे नळ्यांत घालून ठेवलेले असतात. ते काढायला निरनिराळ्या देशांची माणसं एकत्र जातात. जहाज एकाचं, छिद्र पाडायचं यंत्र दुसऱ्याचं, तंबू तिसऱ्याचे आणि सर्दी सगळ्यांची. चहा कधी प्यायचा यावरून त्यांची भांडणं होतात, असं ठमी सांगते. पण दांडा वर ओढायची वेळ आली की सगळे एकाच दोराला लटकतात.

पुढच्या बाजूला मात्र लोकांसाठी एक लहानसं दालन होतं. ते ठमीच्या ताब्यात आणि मी त्यातला मुख्य मानकरी. कारण माझ्या डाव्या कप्प्यात अशाच एका दांड्याचा कापलेला गोल ठोकळा होता. नुसता बर्फ नव्हे हो! खोल खणून काढलेला, माणूस शेती करायला शिकला त्याच्याही आधी पडलेल्या हिमाचा. त्यात त्या काळच्या हवेचे बारीक बुडबुडे कोंडलेले. बर्फ पांढरा दिसतो तो त्या बुडबुड्यांमुळे. आइस्क्रीम सांभाळणारा मी आता एवढं पुरातन काही पोटात घेऊन बसलो होतो. माझी छाती, म्हणजे पत्रा, फुगून आली होती.

पण बघायला कोण येतंय! ठमीला बर्फाची माया फार. म्हणून जिथे तिथे पाट्या. 'हात लावू नये.' 'वाकू नये.' 'काचेवर श्वास सोडू नये.' आता श्वास न सोडता माणूस किती वेळ बघणार? त्यावर तिचं भाषण. त्यात इतके आलेख की ऐकणारा खुर्चीतच घोरायला लागे. येणाऱ्यांपैकी निम्मे उन्हातून सावलीला आलेले असत आणि उरलेले विचारत, "स्वच्छतागृह कुठे आहे?" कित्येक दिवस माझ्या काचेवर एका नाकाचा ठसा नसे.

मग एक दिवस संस्थेच्या साहेबांनी ठमीला बोलावून सांगितलं, की सगळ्या देशांची मिळून एक समिती येणार आहे. दालनाला कोणी येत नसेल तर ते बंद करायचं आणि ठोकळा परत शीतखोलीत न्यायचा. ठमी येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. हात झाकणावर ठेवला आणि म्हणाली, "सगळं आयुष्य यात घातलं रे. लोकांना हे दाखवायलाच मिळालं नाही तर काय उपयोग?" मी नुसतं घुं घुं केलं. मला दुसरं येतं काय?

समितीच्या दिवशी ठमीने दालन सर्वांना खुलं ठेवलं. गर्दी जमवायला मालकांना बोलावलं. मालक फाटकाशी उभे राहिले आणि त्यांनी जुनी हाक काढली, "या की! नुसतं बघून जा!" म्हणता म्हणता दालन भरलं. आजोबा आले, आया आल्या, कडेवरची पोरं आली, शेजारच्या टेलरिंग दुकानातला शिंपी गळ्यात टेप घालून आला.

सरबताचं कामही मालकांकडेच होतं. ठमीने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "बाबा, साधा बर्फ उजवीकडे. डावीकडे बोट लावायचं नाही."

"मी काय कुकुलं बाळ आहे का?" मालक म्हणाले होते.

आणि त्या सकाळी काय झालं, तर डावीकडे उजेड कमी पडतो म्हणून ठमीने स्वतःच कप्प्यांची अदलाबदल केली. ठोकळा उजवीकडे, साध्या बर्फाची पिशवी डावीकडे. आणि घाईत बाबांना सांगायचं राहून गेलं.

समिती आली. तिचे प्रमुख एक दाढीवाले पाहुणे होते. माणूस इतका गंभीर की माझ्यापेक्षा गार. ठमीचं भाषण सुरू झालं. दुसऱ्या आलेखाला दाढीवाल्यांनी घड्याळ पाहिलं, तिसऱ्याला जांभई दाबली. मागे मालकांनी सरबत कालवलं आणि बर्फ घ्यायला माझं झाकण सरकवलं. ते वाकले तशी त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. ठोकळ्यावर ठमीने चिठ्ठी चिकटवली होती, पण ती दिसणार कशी? त्यांनी चाचपून उजवीकडचा ठोकळा उचलला.

मी बोंब ठोकली! जीव खाऊन घरघरलो, थरथरलो, जाळी खडखडवली. मालकांनी दुकानात मारायचे तशी डाव्या कुशीवर एक सणसणीत चापट मारली. "गप रे! भाषण चाललंय ना!" आणि मित्रांनो, त्या चापटीची इतक्या वर्षांची सवय, मोटार आपोआप गप्प झाली. मालकांनी ठोकळा फडक्यात गुंडाळला, लाकडी दस्त्याने धपाधपा फोडला आणि पेल्यापेल्यात टाकला. "काय सुबक गोल बर्फ आहे! या लोकांचं सगळंच शिस्तीत," असं वर कौतुकही केलं.

पेले वाटले गेले आणि आवाज सुरू झाला. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा. तडतड, तडतड. आधी एका पेल्यात, मग सगळ्या दालनात. लोक बोलायचे थांबले. आजोबांनी पेला कानाला लावला, मग शिंप्याने लावला. दाढीवाल्यांनीही लावला आणि त्यांच्या भुवया थेट कपाळावर गेल्या. ते ठमीकडे वळून म्हणाले, "हा बर्फ कुठला?"

ठमीने पेला पाहिला, मला पाहिलं आणि धावत येऊन झाकण उघडलं. डावीकडे पिशवी जशीच्या तशी. उजवीकडे काही नाही. ती माझ्या अंगाला पाठ टेकून मटकन खाली बसली.

"बाबा, तो आपला ठोकळा होता."

मालकांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. मग शिंप्याने हळूच विचारलं, "ताई, पण हा आवाज कसला येतोय?"

ठमीने डोळे पुसले. आलेख नाही, पडदा नाही, बसल्या बसल्याच ती बोलू लागली. "ती हवा आहे. शेती नव्हती, गावं नव्हती, तेव्हाची. बर्फात कोंडून पडली होती. आत्ता तुमच्या पेल्यात सुटतेय. त्या वेळेपासून ती कोणाच्याच छातीत गेलेली नाही. तेव्हा पृथ्वीवर हवा कशी होती हे आम्हाला यातूनच कळतं. आणि असा बर्फ पुन्हा करता येत नाही हो."

"अगंबाई! मी तर गिळला!" एक मावशी पोटावर हात ठेवून म्हणाल्या.

तेवढ्यात मालक ओरडले, "अजून आहे! ठमे, यात अजून आहे!" त्यांनी चमच्याने आपल्या पेल्यातला खडा काढला, दुसरा हात खाली धरला आणि माझ्याकडे धावत सुटले. खडा माझ्या पोटात टाकला. मग काय! आजोबा काठी विसरून धावले. आयांनी पोरांच्या तोंडातून खडे काढले. एक पोरगं भोकाड पसरून म्हणालं, "माझा आहे!" आणि आई म्हणाली, "सगळ्यांचा आहे, टाक!" चमचे कमी पडले तेव्हा शिंप्याने खिशातल्या कात्रीच्या चिमटीत धरून खडा आणला. मावशी बिचाऱ्या रिकामा पेला घेऊन रांगेत उभ्या होत्या, नुसत्या काळजीने. समितीतली देशोदेशीची शहाणी माणसं बोटांनी पेल्यात खडे शोधत होती आणि एकमेकांना "लवकर, लवकर!" म्हणत होती. सर्वांत शेवटी दाढीवाले आले. त्यांच्या चमच्यात वाटाण्याएवढा खडा होता आणि दाढीवरून सरबत गळत होतं.

त्यांनी खडा ठेवला, झाकण स्वतः सरकवलं आणि तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "हा आता अभ्यासाच्या काही कामाचा नाही. यात लिंबू आहे, साखर आहे, बहुतेक कोणाची तरी लाळही आहे." ठमीने मान खाली घातली. "पण हा बर्फ संपत चाललाय, असं मी जन्मभर गावोगाव सांगत फिरलो. त्यासाठी कोणाला जागचं उठलेलं आज पहिल्यांदा पाहिलं. दालन राहू दे. आणि हेही इथेच राहू दे."

दालन राहिलं. ते खडे गोठून मुठीएवढा पिवळट, वेडाविद्रा गोळा झाला. आता लोक तोच बघायला येतात. पाट्या गेल्या, नाकांचे ठसे परत आले. ठमी जमिनीवर बसून बोलते आणि कोणी घोरत नाही. मालक रोज येतात आणि भेटेल त्याला छाती काढून सांगतात, "मीच फोडला तो!" ठमी डोळे वटारते, की लगेच जोडतात, "आणि वाचवला पण मीच."

मित्रांनो, मी आता खरंच थकलोय. परवा मेकॅनिक येऊन पाठीमागे डोकावला आणि नुसता च्यक् च्यक् करून गेला. असल्या च्यक् च्यक्चा अर्थ मला कळतो. माझं काही नाही, पत्राच तो, भंगारात गेला तरी त्याची दुसरी पेटी होईल. पण गोळ्याचं तसं नाही. म्हणून एवढंच मागणं आहे. कधी इकडून जाताना मी बंद पडलेला दिसलो, तर कोणीतरी बघेल म्हणून पुढे जाऊ नका. मागे शीतखोली आहे. त्या दिवशी लोकांनी खडे वाचवले तेव्हा कोण साहेब, कोण शिंपी, कोणाला रीत माहीत आहे, असं कोणी विचारलं नव्हतं. तुम्हीही विचारू नका. झाकण उघडा, गोळा उचला आणि पळा.