मिठाचे हात

बुडुक.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या बरणीने एक बुडबुडा सोडला आणि जेवणाच्या टेबलावरची शांतता तेवढ्यापुरती मोडली.

"आजी, बरणीनं ढेकर दिला," रुई म्हणाली.

एरवी या वाक्यावर आजी न चुकता हसायची. आज तिने नुसता फोन उपडा घातला आणि भाताच्या वाटीमागे सरकवला. नुकताच तिच्या लेकीचा फोन येऊन गेला होता, कुनमिंगहून. रुईच्या आईच्या, नान्तोंगोच्या, या नणंदेचे दिवस भरत आले होते आणि बाळंतपणाला तिला आई हवी होती. त्यात गैर काहीच नव्हतं. पण नणंदेचा आवाज मुळात खणखणीत, त्यामुळे पुढचंही टेबलापलीकडे ऐकू आलं होतं. येशील ती राहायलाच ये, रुईलाही घेऊन ये, इथली शाळा चांगली आहे. वहिनी दिवसभर बाहेर, दादा तिकडे आफ्रिकेत, पोरीला बघणार कोण?

"रविवारी सांगते," एवढंच सासूबाई म्हणाल्या होत्या.

नान्तोंगो मान खाली घालून भात खात होती. शिकवणीच्या वर्गात लहान मुलांपुढे इंग्रजी गाणी म्हणत दुपारभर उड्या मारल्याने तिचे पाय भरून आले होते. सासूबाईंनी बरगडीचा मांसल तुकडा उचलून तिच्या वाटीत टाकला, वर बरणीतल्या मुळ्याच्या दोन फोडी ठेवल्या. तिने वाटी दोन्ही हातांत धरली आणि मान लववली.

"आभारी आहे, मा. फार छान स्वयंपाक केलात."

"खा," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे पाहू लागल्या.

देछुआनशी तिची गाठ पडली ती युगांडात, तिच्या गावाजवळून जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर. लग्न झालं, रुई झाली, तो तिला चीनमध्ये, चेंगदूला, आपल्या आईकडे घेऊन आला. मग तिकडचा पुढचा रस्ता निघाला आणि तो परत गेला. तेव्हापासून तो तिच्या देशात परका आणि ती त्याच्या. दर रविवारी तो तिच्या आईकडे जाऊन केळ्यांची उकड खायचा आणि इकडे रोज त्याच्या आईच्या हातचं ती खायची. कधी कधी तिला वाटे, आपण दोघं बसमध्ये बदललेल्या बॅगांसारखी आहोत. ज्याची त्याला परत कोण देणार कुणास ठाऊक.

त्या संध्याकाळी तिने त्याला फोनवर सगळं सांगितलं. त्याच्यामागे यंत्राची घरघर होती आणि कुणीतरी तिच्या भाषेत हसत होतं.

"मा म्हणेल तसं करू," तो म्हणाला.

रुई तिच्या कुशीत झोपायची ती तिच्या गळ्याशी कपड्यात एक बोट अडकवून. जन्मल्यापासूनची सवय. कुनमिंगला ते बोट कशात अडकवणार, हे त्याला विचारावं असं तिला वाटलं. पण तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये शेजारच्या गृहस्थाने नेहमीचे प्रश्न विचारले. कुठली? इतकं चांगलं चिनी कुठे शिकलीस? ऊन फार का तिकडे? आणि शेवटी, परत कधी जाणार? हा शेवटचा प्रश्न तिला बसमध्ये यायचा, मंडईत यायचा, दात दाखवायला गेली तर तोंडात हत्यार असतानाही यायचा. सुरुवातीला ती सगळं समजावून सांगायची: नवरा, सासर, मुलगी. हल्ली ती म्हणायची, "लवकरच." तेवढ्यावर बोलणं संपायचं आणि डोळे मिटून खिडकीला डोकं टेकता यायचं.

त्या दिवशी तिची शिकवणी लवकर सुटली होती. वसाहतीच्या फाटकाशी शेजारच्या श्योंग मावशी मोड आलेल्या कडधान्याची शेपटं खुडत बसल्या होत्या. इथे नान्तोंगोला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे.

"रुईची आई, तुझी सासू गेली तर आमचा पत्त्यांचा डाव मोडला. चौथा भिडू कुठून आणू मी? तुला येतं का खेळायला?"

"नाही हो."

"मग तुझा उपयोग काय?"

मावशींनी पायाने शेजारचं स्टूल पुढे ढकललं. नान्तोंगो बसली. तिनेही मूठभर मोड मांडीवर घेतले आणि खुडू लागली. तिने विचारलं नव्हतं, पण मावशींच्या पोटात काही राहत नसे. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या,

"रागावू नकोस. ती म्हणते, मी त्या घरात खानावळ चालवते. रोज वाढते आणि रोज गिऱ्हाईक उठून आभार मानतं. घरचं माणूस कधी आईचे आभार मानतं का? आणि मंडईत तूच सांगतेस ना, लवकरच परत जाणार म्हणून. तिनं तिच्या कानांनी ऐकलंय. गिऱ्हाईक निघून गेल्यावर रिकाम्या खानावळीत मी कशाला बसू, म्हणते."

नान्तोंगोच्या हातातला मोड मधोमध मोडला.

तिला सांगायला बराच वेळ लागला. तिच्या घरी, चूल फुंकणाऱ्या बाईला 'वेबाले' म्हटल्याशिवाय जेवणारा उठत नाही. लहानपणी एकदा ती तशीच उठून खेळायला पळाली होती, तर आईने दंडाला धरून परत आणून बसवलं होतं. स्वयंपाकाचंच काय, वाटेने जाताना कुणी अनोळखी माणूस शेत खणताना दिसला तरी थांबून त्याच्या कामाबद्दल वेबाले म्हणायचं. सासूला न म्हणणं म्हणजे तर तिच्या तोंडावर दार लावून घेण्यासारखं.

"वाटेवरच्या माणसालासुद्धा?" मावशी म्हणाल्या. "सगळी आभारच मानत उभी राहिली तर तुमच्याकडे शेत खणतं कोण?"

नान्तोंगो हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण हसू थांबवताना तिला नाक पुसावं लागलं.

त्या संध्याकाळी मासा होता. सासूबाईंनी त्याच्या गालाजवळचा मऊ भाग काढून तिच्या वाटीत ठेवला. घास गिळला की ते शब्द आपोआप वर यायचे. तिने ते गरम पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलले. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, घरची माणसं बोलतात तसं बोलायला हवं म्हणून, ती म्हणाली,

"मासा खारट झालाय, मा."

सासूबाईंच्या जेवणाच्या काड्या हवेत थांबल्या. रुईने एकीकडून दुसरीकडे पाहिलं.

"खारट लागतो तर भात घे जास्त."

पुढे काही झालं नाही. नान्तोंगो उठली, मान न लववता, काही न म्हणता, आणि वाट्या घेऊन मोरीशी गेली. काहीतरी चोरून आणल्यासारख्या तिने त्या घाईघाईने विसळल्या. मागे वळून पाहिलं तर सासूबाई अजून तिथेच बसल्या होत्या. जेवण संपलं होतं, टेबल पुसून झालं होतं आणि त्या काहीतरी यायचं राहिल्यासारख्या वाट बघत होत्या.

मग त्यांनी फोन उचलला, रुईला बरोबर घेतलं आणि खोलीचं दार ओढून घेतलं. आतून देछुआनचा आवाज येत होता. बोलणं लांबलं. एकदा तो मोठ्याने हसला. मग रुईचा आवाज, धडा घोकावा तसा एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणणारा. नान्तोंगो दाराबाहेर रुईचा एक मोजा हातात धरून उभी राहिली. तो मोजा तिच्या तळहातात मावत होता.

रुई बाहेर आली तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, काय बोलत होता बाबा?

"गुपित आहे," रुई म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला.

रविवारी सकाळी सासूबाई मंडईत गेल्या आणि नान्तोंगोने, त्या परत यायच्या आत, स्वयंपाक करायला घेतला. या चुलीवर तिने आजवर रुईचं दूध तेवढं तापवलं होतं. तिने टोफू केला, पालेभाजी परतली, भात लावला. सगळं झाल्यावर ती कोपऱ्याकडे वळली.

ही तपकिरी मातीची बरणी सासूबाईंनी गावाहून मांडीवर ठेवून आणली होती. तिच्या गळ्याभोवतीच्या पन्हळीत पाणी भरलेलं असायचं आणि त्यात झाकण उपडं बसायचं, म्हणजे आतली हवा बाहेर येते, बाहेरची आत जात नाही. आतलं मिठाचं पाणी देछुआनपेक्षा वयाने मोठं होतं. त्यात सासूबाईंखेरीज कुणाचा हात गेला नव्हता. परका हात लागला की पाण्यावर पांढरी साय धरते, असं त्या म्हणायच्या.

नान्तोंगोने हात साबणाने धुतले, मग पुन्हा धुतले, कोरडे पुसले. झाकण उचललं आणि मनगटापर्यंत हात आत घातला. पाणी थंडगार होतं. बोटांना मुळा लागला. तो काढून, झाकण बसवून, तिने पन्हळ पाण्याने काठोकाठ भरली.

सासूबाई आल्या. हातात मुळ्यांची मोठी जुडी होती. मांडलेलं टेबल त्यांनी पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि जेवायला बसल्या. टोफू खाल्ला, भाजी खाल्ली. मग मुळ्याची फोड तोंडात घातली आणि त्यांचं चावणं थांबलं. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. बरणीच्या पोटावरून सांडलेल्या पाण्याचा एक ओघळ अजून वाळला नव्हता. त्यांनी पुन्हा चावायला सुरुवात केली, सावकाश, अगदी शेवटपर्यंत. वाटीतला शेवटचा दाणाही खाल्ला, काड्या सरळ ठेवल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, फोटो काढायला बसतात तशा ताठ झाल्या, आणि म्हणाल्या,

"वेबाले कुफुम्बा."

स्वयंपाक केल्याबद्दल आभार. नान्तोंगोची आई दर जेवणाला ऐकायची तेच, फक्त मधल्या अक्षरावर अडखळलेलं.

"बरोबर, आजी!" रुईने टाळ्या वाजवल्या. "पहिल्यांदाच बरोबर!"

याला परत द्यायचा एक शब्द असतो, छोटासा. नान्तोंगोला तो आठवत होता; त्याऐवजी तिने सासूबाईंच्या वाटीत गरम पाणी ओतलं.

"देछुआन सांगत होता," सासूबाई वाट्यांकडे बघत म्हणाल्या, "हा उन्हात रस्ता दाबत असतो आणि म्हाताऱ्या थांबून थांबून याचे आभार मानतात. रस्त्याबद्दल." त्यांनी मान हलवली. "वेडी माणसं."

आणि त्या उठल्या. बाह्या वर सारून त्यांनी नव्या मुळ्यांची माती धुतली, चकत्या केल्या, फडक्यावर टिपल्या आणि मीठ चोळून मूठ मूठ बरणीत सोडू लागल्या. हात कोपरापर्यंत ओले झाले.

"तू हात घातलास ना यात? आता साय धरली तर तुझ्या नावानं ओरडणार मी. हे मुरायला पंधरा दिवस लागतात. रोज बघायला लागेल."

"बघीन, मा."

"तू काय बघणार. मी बघते, तू शिक."

टेबलावरचा फोन वाजू लागला. रुईने पडद्यावरचा फोटो ओळखला. आत्या. नान्तोंगो जागची हलली नाही. फोन वाजत राहिला, वाटीला लागून थरथरत राहिला.

"रुई, आत्याला सांग," सासूबाई मागे न वळता म्हणाल्या, "आजीचे हात मिठाचे आहेत."

रुईने फोन उचलून तसंच सांगितलं, शब्द न् शब्द. पलीकडून खणखणीत आवाजात काहीतरी विचारलं गेलं. रुईने निरोप पुन्हा एकदा सांगितला आणि फोन ठेवून दिला. मग ती येऊन आईच्या मांडीवर चढली, सवयीने तिच्या गळ्याशी बोट अडकवलं आणि बराच वेळ आजीच्या पाठीकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "आजी म्हणायची, आभार फक्त पाहुणे मानतात. आता तू मानत नाहीस आणि आजी मानते. मग आपल्या घरी पाहुणं कोण?"