चौदा मिनिटांची लिफ्ट

“हिसाए! ए हिसाए! बाहेर ये गं, खाली उभी राहा जरा!”

छपरावरून आलेल्या या हाकेला तीन हिवाळे झाले. हाक मारणाऱ्याची राख देवळामागच्या दगडाखाली निवांत आहे. हाक माझ्या कानात बिऱ्हाड करून राहिली. तेत्सुरोने, माझ्या नवऱ्याने, त्या सकाळी तीनदा हाक मारली. मी स्वयंपाकघरात लोणच्याचे मुळे धूत होते. तिन्ही वेळा मला ऐकू आली, आणि मी गेले नाही.

आमच्या खोऱ्यात छपरावर एकट्याने चढत नाहीत. एकाने वर फावड्याने बर्फ लोटायचा, एकाने खाली उभं राहून वर बघायचं. वरच्याला पायाखालचा बर्फ कधी सुटेल ते कळत नाही; खालच्याला आधी दिसतं. माझ्या सासूबाई अंगणात उभ्या राहून गात असत:

बर्फ पडे रात्रंदिस, वाट बुजली दाराची,
वर चढल्या धन्याला, सोबत खालच्या नजरेची.

त्या दिवशी खाली उभं राहायची पाळी चिगुसाची होती. आमची एकुलती एक, तेव्हा बारा वर्षांची. ती पहाटेच स्की खांद्यावर टाकून शाळेमागच्या टेकडीवर पळाली होती. छपराचा बर्फ एका अंगाने सुटला आणि तेत्सुरोला घेऊन खाली आला. दीड तासाने त्याच्या फावड्याची मूठ सापडली, मग तो.

तो गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला भिक्षू मंत्र म्हणून गेले आणि वन्सं बशी खाली ठेवत म्हणाल्या, “पाळी कुणाची होती?”

“माझी,” चिगुसा म्हणाली.

“आणि हिसाए, तुला हाक नाही मारली त्यानं?”

“नाही, वन्सं.”

मी चहा ओतत होते, ओततच राहिले. माझ्या हातून दोन पेले भरून सांडले. पोरगी मान खाली घालून चटईवरचा चहा पुसत होती.

तेव्हापासून तिने स्कीला हात लावला नाही. छपराखाली मात्र ती कायम. मी वर चढले की ती दोन्ही पाय रोवून खाली उभी, पापणी लवायची नाही. शाळेच्या सहली तिने सोडल्या, मैत्रिणींची घरं सोडली. आभाळ भरून आलं की वर्गातून उठून घरी यायची. लोक म्हणायचे, गुणी हो पोर. वन्सं म्हणायच्या, आता गुणी होऊन काय उपयोग.

या मार्चमध्ये ती पुढच्या शाळेची प्रवेश परीक्षा पास झाली. समुद्रकाठची शाळा, माझ्या माहेराच्या गावातली. मासेमारी शिकवतात, शाळेचं स्वतःचं जहाज आहे, पोरं दोन-दोन महिने पाण्यावर असतात. लहानपणापासून तिच्या भिंतीवर त्या जहाजाचं चित्र. प्रवेशाचे कागद सोमवारपर्यंत पोचवायचे होते. गुरुवारी जेवताना ती भातावरून नजर न काढता म्हणाली, “मी नाही जात. खालच्या गावातल्या शाळेत जागा आहेत अजून.”

“का गं?”

“छप्पर कोण बघणार?”

“सोमा आजोबा आहेत की शेजारी.”

“आजोबांना समोरचा ट्रक दिसत नाही, आई. छप्पर कुठलं दिसायला!”

“अगं पण तुझे बाबा असते तर...”

ती उठली. भांडी घेऊन मोरीवर गेली. नेहमी असंच. तिच्या बापाचं नाव निघालं की ती उठते. कधी भांड्यांना, कधी रॉकेल भरायला, कधी नुसतीच दाराशी. तीन वर्षांत मला एकही वाक्य पुरं करता आलं नाही. खरं सांगायचं तर तिचं उठणं माझ्या सोयीचं होतं. तिची पाठ वळली की माझा श्वास मोकळा व्हायचा.

पण सोमवार आला होता उंबऱ्याशी. कागद कोरे. माझ्या खोटेपणाच्या खुंटीला माझी लेक जन्मभर टांगून राहणार होती, आणि खुंटी ठोकणारी मी.

रात्रभर विचार केला, की हिला उठून जाता येणार नाही अशी जागा कुठली? मोटारीत मी रस्ता बघणार, ती खिडकी. देवळात माणसं. मग स्कीची लिफ्ट सुचली. तारेला लोंबणारी दोन माणसांची खुर्ची, मांडीवर आडवा दांडा, पायाखाली दहा हात हवा. तिथून कोण उठून जाईल?

सकाळी शेतकरी संघातून स्कीच्या डोंगरांची पत्रकं आणली आणि तिच्यासमोर पसरली. कोतात्सूच्या, खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, रजईत पाय घालून ती संत्रं सोलत होती.

“हे काय?”

“उद्या एक दिवस जाऊ. बर्फ जायच्या आत. मला शिकव.”

“तुला?” तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या ओठाचा कोपरा हलला. “तू अंगणातून कचरा टाकायला जाताना दोनदा पडतेस.”

“म्हणून तर.”

“मी स्की करत नाही, आई.”

“माझ्यासाठी.”

हे शब्द मी जाणूनबुजून वापरले. माझ्यासाठी म्हटलं की ती नाही म्हणत नाही. आईला विधवा केल्याचा दंड ती भरत होती, आणि मी त्यातही हात धुऊन घेत होते.

“बरं. पण आपल्या टेकडीवर नाही.”

“नाही, तिथं नाही.”

तिने पत्रकं चाळली आणि एकावर बोट ठेवलं. “हा जवळचा. बंद डब्याची लिफ्ट आहे, पाच मिनिटांत वर. भराभर चार फेऱ्या मारू, दुपारी घरी. संध्याकाळी बर्फ सांगितलाय.”

पाच मिनिटांत काय होतं? पाच मिनिटं तर माझा घसाच खाकरण्यात जातील. “बघते,” म्हटलं, आणि फोन घेऊन पडवीत गेले. चार ठिकाणी फोन लावला. चौथ्या ठिकाणी एका म्हाताऱ्याने उचलला.

“तुमची लिफ्ट वर जायला किती वेळ घेते हो?”

“चौदा मिनिटं. वारा असला तर अठरा. जुनी आहे, बाई, पण मजबूत आहे. भीती वाटते का?”

“वाटते.”

“मग त्या डबेवाल्यांकडे जा ना. बसलं की पोचलं.”

“नको. तुमचीच बरी.”

“तीस वर्षं लोक आम्हाला लिफ्ट हळू म्हणून शिव्या देतात,” म्हातारा म्हणाला, “हळू आहे म्हणून येणाऱ्या तुम्हीच पहिल्या. या. दुपारी डुकराच्या मटणाचं गरम सूप असतं.”

आत येऊन मी चिगुसाला तेच पत्रक दिलं. तिने नकाशा बघितला. “दीड तास गाडी! आणि एकच लिफ्ट? आई, असा डोंगर निवडतात का कुणी?”

“मी निवडला,” मी म्हटलं.

शनिवारी आभाळ राखेसारखं होतं. डोंगरावर माणसं मोजकी. एक शाळकरी टोळी, दोन-चार म्हातारे. चिगुसाचे जुने बूट तिला लहान झाले होते, म्हणून तिने बापाचे घातले, आत दोन मोजे; माझी स्की भाड्याची.

पहिल्या फेरीला खुर्ची मागून गुडघ्यांना लागली आणि आम्ही वर उचललो गेलो. दांडा खाली. तार कुरकुरली. मी मनात वाक्य जुळवलं होतं, ‘चिगुसा, एक सांगायचंय.’ पहिला खांब गेला, दुसरा गेला. तेवढ्यात तीच बोलायला लागली.

“पुढच्या हिवाळ्यात छपराच्या कण्याला लोखंडी कडी बसवून घेऊ. दोर कमरेला बांधायचा. सोमा आजोबांच्या नातवानं बसवलीय. तू वर, मी खाली. दोराचं टोक माझ्या हातात.”

“आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात?”

“तेच.”

“आणि तू तीस वर्षांची झालीस की?”

“तेव्हा तू म्हातारी. तेव्हा मी वर, तू खाली.” ती हसली. “पण तू बघशील ना नीट? झोपशील उभ्या उभ्या.”

चौदा मिनिटं खाली बर्फात सांडून गेली.

वरून उतरताना ती आधी जपून निघाली, मग तिने गुडघे सोडले. तीन वळणं, चार वळणं. शरीर विसरत नाही. बर्फाची पिसं उडाली, आणि एवढ्या उतारावरून माझी मुलगी बारा वर्षांची होऊन खाली गेली. मी बघत राहिले. पाचव्या वळणावर तिला काहीतरी आठवलं. झटक्यात थांबली, वळली आणि वर मान करून मला शोधू लागली. हात डोळ्यांवर. मी दिसेपर्यंत तिने तो काढला नाही. मी पडत-उठत तिच्यापर्यंत उतरले.

दुसऱ्या फेरीला मी भाताचा गोळा काढून तिला अर्धा दिला. आतला खारवलेला आंबट अळूबुखार दाताखाली आला तसे माझे डोळे भरून आले, आणि आंबट लागलं म्हणून मी निभावून नेलं. किती सोपं असतं निभावून नेणं.

तिसऱ्या फेरीला वारा सुटला. खुर्ची मधेच थांबली, झुलू लागली. आता तर देवच दोर धरून बसला आहे असं वाटलं. मी दांड्यावरची मूठ आवळली.

“त्या दिवशी सकाळी,” मी म्हटलं, “तुझ्या बाबांनी...”

“आई, नको.”

“ऐक तरी.”

“मला माहितीय सगळं. पाळी माझी होती.” तिने तोंड फिरवलं. उठता येत नव्हतं, म्हणून ती जागच्या जागी लहान झाली, खांदे आवळून, मान जाकिटात घालून. “टेकडीवरून मी धूर बघत होते घराघरांचा. आपला दिसत होता. मला वाटलं, बाबा चहा पीत असतील. मी आणखी एक फेरी मारली. त्या एका फेरीत झालं. तू मला कधी रागावली नाहीस, आई. एकदा रागावली असतीस तर बरं झालं असतं.”

तार हलली आणि खुर्ची पुढे निघाली. मी काय केलं? मी तिच्या पाठीवर हात ठेवला. क्षमा करणाऱ्याचा हात! तिने तो ठेवू दिला. याहून मोठं पाप मी छपराखालीही केलं नव्हतं.

वर धुकं उतरलं होतं. बर्फ आणि आभाळ एक झालं, चढ-उतार कळेना. अरुंद कड्यापाशी माझी एक स्की दुसरीवर चढली आणि मी आडवी पडून घसरू लागले. काठी सुटली. हाताने ओरबाडत कशीबशी थांबले. खाली उतार सरळ धुक्यात जात होता. उठायला गेले की पुन्हा हातभर घसरत होते.

“हलू नकोस!”

चिगुसा बाजूबाजूने सरकत आली. ती माझ्यापाशी थांबली नाही, मला ओलांडून चार पावलं खाली गेली, उताराला आडवी झाली आणि स्कीच्या कडा बर्फात रोवल्या. माझ्या वजनाच्या बरोबर खाली, बापाच्या बुटांत. नजर वर, माझ्यावर. पापणी लवत नव्हती.

“मी खाली आहे, आई. घसरलीस तर माझ्यावर येशील. सोड हात. ये.”

“बाजूला हो.”

“सोड म्हणते ना!”

“बाजूला हो, चिगुसा. माझ्या खाली उभी राहू नकोस.”

“वेडी आहेस का? मग कोण उभं राहणार?”

“त्या दिवशी मी उभं राहायला हवं होतं,” मी म्हणाले. बर्फात गाल टेकलेला, आवाज माझा मलाच ओळखू येईना. “तू गेलीस ते त्यांना माहीत होतं. खिडकीतून तुला जाताना बघून हसले. म्हणाले, जाऊ दे, ताजा बर्फ पडलाय, पोरीला खेळू दे. तू उभी राहा. मी म्हटलं, लाडावून ठेवलीय तुम्हीच, तुमचं तुम्ही बघा. भांडलो आम्ही. ते चढले. वरून हाक मारली मला. एकदा नाही, तीनदा. मी घरातच होते, सगळं ऐकू येत होतं. मी म्हटलं, मारू देत हाका. थोडा वेळ थंडीत उभे राहू देत, मग जाईन.”