ठरावातले नाव

"ज्यांना जहाज परत हवंय त्यांनी हात वर करा," असे वेड पर्सेल म्हणाला आणि माजी सैनिकांच्या हॉलमधले सगळे हात वर गेले. फक्त रूडी शॅफर्टचे दोन्ही हात कॉफीच्या कपाभोवती होते, ते तिथेच राहिले.

म्हाताऱ्याला ऐकू आले नसावे असे वाटून वेडने पुन्हा विचारले, जरा मोठ्याने. रूडी म्हणाला, "पहिल्यांदाच ऐकलं मी."

मग कुणी काही बोलेना. मेरिडेल या आपल्या गावाचे नाव मिरवणाऱ्या त्या जहाजावर प्रत्यक्ष काम केलेला, गावात उरलेला असा तो एकटाच माणूस होता. दर हिवाळ्यात राज्याच्या विधिमंडळात ठराव यायचा, की शत्रूने पळवून नेलेले आमचे जहाज केंद्र सरकारने परत मागावे. टाळ्या पडायच्या, ठराव मंजूर व्हायचा आणि जहाज होते तिथेच राहायचे, उत्तर कोरियाच्या राजधानीत नदीच्या धक्क्याला बांधलेले. तिकडचे लोक शाळेतल्या पोरांना रांगेने आणून ते दाखवत. यंदा मात्र बोलणी चालू आहेत, तिकडचे लोक जहाज सोडतीलही, असे वॉशिंग्टनहून कुणीतरी वेडच्या कानावर घातले होते. वेडचा जमिनींचा व्यवसाय होता. बंद पडलेल्या साखर कारखान्याची नदीकाठची जागा त्याने मनात धरली होती. तिथे जहाज उभे करायचे, संग्रहालय काढायचे, हमरस्त्यावरून जाणारे चार लोक गावात वळतील. वेड काही वाईट माणूस नव्हता. गावात शाळा आणि गुरांचे गोठे सोडले तर दुसरे काही उरले नव्हते, हेही खरेच होते.

"गुरुवारी विधिमंडळाच्या समितीपुढे तुम्हाला बोलायचंय, रूडी," वेड समजुतीच्या सुरात म्हणाला. "आजवर तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत."

"मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पाठिंबा देणाऱ्यांत नाव घालू का, एवढंच विचारायचे." रूडीने कप सरकवला. "येईन मी. पण तुला हवं तेच बोलेन असं धरून चालू नकोस."

रूडीचे आजोबा रशियातून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांपैकी. सारी हयात बीटच्या शेतात वाकून गेली. त्याचा मित्र डेल्फिनो आर्चुलेटा याची माणसे गावच्या नदीकाठी सगळ्यांच्या आधीपासून होती. दोघे एका वर्गात शिकले, एकाच दिवशी आरमारात भरती झाले आणि आपल्या गावाच्या नावाच्या जहाजावरच जायचे म्हणून हटून बसले. भरती करणारा अधिकारी हसला, पण त्याने ते जमवून दिले. गावच्या वर्तमानपत्रात दोघांचा फोटो आला. डेल्फिनोच्या आईने तो स्वयंपाकघरात लावला.

जहाज काही लढाऊ नव्हते. जुनी मालवाहू बोट ती, वर अँटेना उभारून दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकायला धाडलेली. रूडी इंजिनखोलीत होता. जानेवारीतल्या एका दुपारी शत्रूच्या बोटींनी त्यांना घेरले. होत्या त्या दोन मशीनगनवरची ताडपत्री बर्फाने दगडासारखी झाली होती. कागद जाळा, असा हुकूम आला तेव्हा ज्याचे हात रिकामे होते त्याला त्या कामाला ओढले गेले. डेल्फिनो बोळात बसून पत्र्याच्या डब्यात कागद जाळत होता. तोफेचा गोळा भिंत फोडून आत आला तो तिथेच.

बाकीच्यांना जवळजवळ वर्षभर कैदेत ठेवले. मारले, उपाशी ठेवले, आम्ही हेर आहोत असे कबूल करायला लावले. रूडीच्या डाव्या हाताची दोन बोटे तेव्हा मोडली ती वाकडीच जुळली. सुटून आल्यावर बँड वाजला आणि मग चौकशी सुरू झाली. पहिल्या उन्हाळ्यात पेंडीच्या दुकानात बापाच्या वयाच्या एका शेतकऱ्याने त्याला विचारले, "एकही गोळी न झाडता जहाज दिलंत म्हणे तुम्ही?" रूडीने पोते खांद्यावर घेतले आणि तो बाहेर पडला. त्यानंतर त्याने त्या विषयावर तोंड उघडले नाही. पुढची सारी वर्षे तो विहिरींवरचे पंप दुरुस्त करत हिंडला. बायकोने, व्हर्नाने, लग्नानंतर एकदाच विचारून पाहिले आणि पुन्हा कधी विचारले नाही. तिला जाऊन आता दोन वर्षे झाली होती.

हॉलमधून निघाल्यावर तो घरी गेला नाही. डेल्फिनोच्या धाकट्या बहिणीला, एलोइसाला, ही गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको, असे त्याला वाटत होते. ठरावाच्या मागे गावात सगळ्यात ठाम उभी होती ती तीच.

एलोइसाने आयुष्यभर शाळेचे स्वयंपाकघर चालवले होते. अर्धे गाव तिच्या हातचे जेवून मोठे झालेले. तिने त्याला बसवले, हिरव्या मिरचीच्या रश्शाचा वाडगा आणि रोटी पुढे ठेवली आणि समोर बसली. त्याने दोन घास खाल्ले आणि सांगून टाकले, की गुरुवारी तो 'जहाज नको' म्हणणार आहे.

ती रागावली नाही. उठून तिने गॅस बंद केला.

"मी ते पाहून आलेय," ती म्हणाली.

रूडीला आधी कळलेच नाही. मग तिने सगळे सांगितले. तिकडे जायला अजून बंदी नव्हती तेव्हाची गोष्ट. गावात तिने मुलीकडे कॅलिफोर्नियाला जाते म्हणून सांगितले आणि चीनमधून प्रवाशांच्या एका गटाबरोबर ती तिकडे गेली. जहाज स्वच्छ होते, नवा रंग दिलेले. गोळ्यांच्या प्रत्येक भोकाभोवती लाल रंगाने गोल काढलेला. गणवेशातली एक कोवळी पोरगी सगळ्यांना माहिती सांगत होती. बोळात आल्यावर ती म्हणाली, इथे एक हेर मारला गेला. एलोइसाच्या तोंडून निघून गेले, माझा भाऊ. पोरगी क्षणभर थांबली. मागे एक अधिकारी उभा होता. मग ती पाठ केलेले पुढचे बोलू लागली, पण बोलता बोलता दोन पावले सरकून अधिकारी आणि एलोइसा यांच्या मध्ये उभी राहिली. तेवढ्या वेळात एलोइसाने भिंतीला हात लावून घेतला.

"इतका अरुंद असेल तो बोळ, असं मला कधी वाटलं नव्हतं," ती म्हणाली.

"अरुंदच होता."

"म्हणून हवंय मला ते. रोज कुणीतरी त्या भोकाकडे बोट दाखवून माझ्या भावाला हेर म्हणतं. ते थांबायला हवं."

रूडीने हातातला रोटीचा तुकडा वाडग्याच्या कडेला ठेवला. मग म्हणाला, "इथं आणलं तर इथंही कुणीतरी बोट दाखवेल. वीर म्हणेल त्याला. बाहेर आइस्क्रीमची गाडी असेल. तो यातला काहीच नव्हता, एलोइसा. कागद ओले होते, पेटत नव्हते, म्हणून तो शिव्या घालत बसला होता."

एलोइसाचे हात ओट्यावर थांबले. इतक्या वर्षांत हे कुणी तिला सांगितले नव्हते. शवपेटी बंद होऊन आली होती, आरमाराचा माणूस उघडू नका म्हणाला होता आणि आईने उघडली नव्हती.

"तू होतास तिथं?"

"आवाज ऐकून वर आलो. जिवंत होता तेव्हा."

"बोलला काही?"

"पाय जळतायत म्हणाला. बूट काढ म्हणाला. पायांना काहीच झालेलं नव्हतं, जे झालं होतं ते वर. पण मी बूट काढायला लागलो. एक निघाला. दुसऱ्याच्या नाडीची गाठ बसली होती, ती सोडवत होतो, तेवढ्यात..." त्याने वाक्य सोडून दिले.

ती खुर्चीवर बसली. खिडकीबाहेर वाऱ्याने वाळकी झुडपे कुंपणाला येऊन अडकत होती. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि त्याचा रस्सा निवला म्हणून पुन्हा गरम करायला ठेवला.

"तुला बोलायचं ते बोल," ती म्हणाली. "पण माझ्यादेखत बोल. मी येणार आहे. मला घेऊन चल."

गुरुवारी पहाटे ते त्याच्या जुन्या ट्रकमधून निघाले. जाताना वाटेत दोघांनी पुन्हा तो विषय काढला. त्याचे म्हणणे तिला पटले नाही, तिचे त्याला पटले नाही. मग यंदाचा बर्फ किती कमी झाला यावर बोलणे आले आणि बाकीचा रस्ता त्यात गेला.

समितीची खोली रूडीला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. अध्यक्ष एक पन्नाशीची बाई होती, बोलायला मऊ. सुरुवातीला लेखनिकाने ठराव वाचून दाखवला. रूडीची इतक्या वर्षांत इथे येण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे ठराव त्याने कधी पुरता ऐकलाच नव्हता. जहाजाची लांबी होती, वजन होते, ते कुठल्या गोदीत बांधले ते होते. मेरिडेलच्या नागरिकांचा अभिमान होता. गव्हर्नरांची नावे होती. रूडी मान पुढे करून ऐकत राहिला. लेखनिक वाचायचा थांबला तेव्हा त्याला वाटले, पान उलटायचे राहिले असेल.

वेड बोलला, चांगलेच बोलला. एलोइसा थोडक्यात बोलली. मग रूडीचे नाव पुकारले. तो माइकजवळ जाऊन बसला आणि वाकडी बोटे दुसऱ्या हाताखाली घेतली.

"ते जहाज नको, असं मी सांगायला आलो होतो," तो म्हणाला. "मला ते पुन्हा बघायचं नाही. पण त्या तिथं बसल्यात त्यांना ते हवंय, आणि त्यांचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे. म्हणून मी नको म्हणत नाही. हवं की नको ते तुम्ही ठरवा. पण आत्ता वाचलंत त्यात लोखंड किती ते आहे. माणूस नाही. डेल्फिनो आर्चुलेटा त्या जहाजावर मेला. वीस वर्षांचा होता. मागायचं असेल तर त्याचं नाव घेऊन मागा."

अध्यक्षबाईंनी शेजारच्यांशी कुजबुज केली. मग त्यांनी मनापासून वाईट वाटल्यासारखे समजावून सांगितले, की नाव घालायला कुणाचीच हरकत नसेल, पण बदलाची मुदत उलटून गेली आहे. आता एक शब्द घातला तरी मसुदा पुन्हा पहिल्यापासून फिरवावा लागेल आणि या अधिवेशनात तो येणार नाही.

वेड मागून वाकला. "रूडी, पुढच्या वर्षी घालू. शब्द देतो तुम्हाला. वॉशिंग्टनचे लोक या ठरावाची वाट बघतायत. आत्ता नको."

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. रूडीने वळून एलोइसाकडे पाहिले.

ती उठून उभी राहिली. बोलायची पाळी तिची नव्हती, पण तिला कुणी बसा म्हटले नाही.

"मग ठराव थांबू द्या," ती म्हणाली.

"बाई," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाल्या, "यंदा संधी आहे असं म्हणतात. पुन्हा येईल असं नाही. जहाज तुम्हाला हवंय ना?"

"हवंय," एलोइसा म्हणाली. "थांबू द्या."

परतताना ती ट्रकमध्ये झोपली, म्हातारी माणसे झोपतात तशी, तोंड थोडे उघडे ठेवून. रूडी रस्त्यावरचे खड्डे चुकवत हळू चालवत राहिला. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न देऊन पुढे जात होत्या.

त्या उन्हाळ्यात बोलणी फिसकटली. त्यात ठरावाचा काही संबंध होता की नाही, कुणालाच सांगता आले नसते. पण गावात काही जणांनी रूडीशी बोलायचे सोडले. वेडही काही महिने तोंड फिरवून जायचा. डिसेंबरात एलोइसा न्यूमोनियाने गेली. दफनाच्या वेळी वेड येऊन रूडीशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, की नवा मसुदा केलाय, नाव अगदी वर घातलंय. रूडीने मान हलवली. कबरीवर माती लोटताना त्याने वेडच्या हातात फावडे दिले.

मार्चमध्ये, ठराव सभागृहात वाचायच्या आदल्या दिवशी, रूडीचा फोन वाजला. विधिमंडळाच्या कचेरीतून कुणी तरुण बाई बोलत होती. उद्या तिलाच वाचायचे होते. नाव चुकीचे वाचले जाऊ नये म्हणून तुम्हाला त्रास देते, असे ती म्हणाली.

रूडीने नाव सांगितले. तिने म्हणून दाखवले.

"तसं नाही," तो म्हणाला. "आडनावात जोर 'ले'वर आहे. आर्चुलेटा."

"आर्चुलेटा."

"हो. आणि पहिल्या नावात 'फी'वर. डेल्फीनो. त्याची आई ते जरा लांबवून म्हणायची, पण तेवढं नको."

तिने पुन्हा म्हटले. त्याने पुन्हा एकदा म्हणून दाखवले. स्वतःच्या घरात, रिकाम्या खुर्च्यांसमोर, ते नाव इतक्या मोठ्याने तो आजवर कधी बोलला नव्हता. तिसऱ्या वेळी तिचे बरोबर आले.

"आता बरोबर," रूडी म्हणाला.

तिने आभार मानले. पेनाचा आवाज येत होता, ती काहीतरी खूण करून ठेवत असावी. आणखी काही सांगायचे आहे का, असे तिने विचारले.

रूडीने थोडा विचार केला. "नाही," तो म्हणाला. "एवढंच."

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. रूडी मात्र बराच वेळ रिसीव्हर कानाशी धरून उभा होता.