काचेची पट्टी

साडेनऊ.

"फुटली," गवंडी म्हणाला.

"अहो, काल संध्याकाळी तर धड होती!" शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. भिंतीच्या भेगेवर आडवी चिकटवलेली बोटभर काचेची पट्टी मधोमध तडकली होती.

तीन आठवड्यांपूर्वी नगरपालिकेच्या इंजिनिअरसमोर गवंड्यानेच ती बसवलेली. काच शाबूत, तर भिंत स्थिर, घर राहील. फुटली, तर भिंत सरकतेय, घर पाडायचं. निकाल आज, अकराला.

घर गावातल्या पहिल्या डॉक्टरीणबाईंचं. अर्धं गाव याच खोलीत जन्मलेलं. गवंडीसुद्धा. सह्या गोळा करून, कचेऱ्यांचे उंबरे झिजवून लोकांनी ते सहा वर्षं टिकवलं होतं, आत वाचनालय थाटलं होतं.

दहा.

"दुसरी लावा," बाई म्हणाल्या.

"प्लास्टरवर माझ्या नखानं तारीख कोरलीय, बाई."

"मग तीच परत कोरा. नख तुमचंच, तारीखही तीच. खोटं काय त्यात?"

घर वाचवणाऱ्या समितीतले टेलरमास्तर हसले. "ओळंब्याला तिरकं शिकवताय होय!"

ओळंबा, भिंत सरळ आहे का ते बघायची वजनाची दोरी. चाळीस वर्षांच्या सरळ भिंतींनी गवंड्याला चिकटलेलं नाव. आज ते कुणीतरी खरवडून काढलं असतं तर बरं झालं असतं.

साडेदहा.

गवंड्याने नवी काच कापली. जुनी खरवडली नाही अजून. घमेल्यात प्लास्टर कालवलं. लावायला दोन मिनिटं, सुकायला पंधरा.

भेगेखालीच वाचनालयाचा बाक.

"मास्तर, तुमची आई येणार आज पेपर वाचायला?" गवंड्याने विचारलं.

"न येता राहील होय ती? दोनच्या ठोक्याला हजर."

गवंडी बाकाकडे बघत राहिला.

"अहो, हात चालवा!" बाई ओरडल्या.

घमेल्यात प्लास्टर घट्ट होऊन गेलं.

अकरा.

"काय म्हणते काच?" इंजिनिअरने दारातूनच विचारलं.

"फुटली, साहेब. भिंत चालतीय."

बाईंनी तोंड फिरवलं. इंजिनिअरने कागदावर दोन ओळी लिहिल्या. "परवा माणसं येतील पाडायला."

"त्याआधी टेकू द्यायला हवेत. नाहीतर त्यांच्याच अंगावर यायची."

गवंड्याने अंगणातला वासा उचलायला घेतला. एकट्याला पेलणारा नव्हता. कुणी पुढे येईना. टेलरमास्तर खाली मान घालून बाक बाहेर ओढत होते. एक टोक खांद्यावर घेऊन गवंडी तसाच उभा राहिला.

शेवटी बाई आल्या. त्याच्याकडे न बघता त्यांनी दुसरं टोक धरलं.

"थोडं वर, बाई."

"समजतं मला," त्या म्हणाल्या, आणि वर धरलं.