कठड्याला हात लावू नका

"कठडा धर, मग पाय उचल."

मित्रांनो, या जिन्यावर चालायला शिकलेल्या प्रत्येक लेकराला हेच सांगितलं गेलं. तो कठडा म्हणजे मी. कुणाच्या हातात साधं कुसळही जाऊ नये, म्हणून सुतारानं मला किती मायेनं घासलं होतं!

सगळ्यांत ओळखीचा हात वरच्या खोलीतल्या मावशीचा. तिचे गुडघे दुखरे. तळमजल्यावर तिची थोरली बहीण, अक्का, भाड्यानं राहते. अक्काचे हात डोक्यापर्यंत जात नाहीत. "तुझी वेणी रोज मीच घालीन," असा मावशीनं शब्द दिलेला. रोज संध्याकाळी मला धरून ती खाली जायची. तिचा तो नेमच होता.

मग माझा खालचा खांब कुजला. घरमालकांनी मला दोरी बांधली आणि पाटी लावली, 'हात लावू नका.' तेव्हापासून खरंच कुणी लावला नाही. पावलं भिंतीच्या कडेनं येतात, जातात. मावशी तर उतरेनाशीच झाली. वर ती, खाली अक्का, मध्ये मी.

भाडेकरूंनी मालकांना फोन केले, पण ज्यानं त्यानं आपापले. मालक मावशीला म्हणाले, "तुमच्याशिवाय कुणाचीच तक्रार नाही हो." त्या बिचारीनं ओशाळून पुन्हा फोनच केला नाही.

एकदा वरच्या पायरीशी मावशीनं हे दोघा शेजारी भाडेकरूंना, नर्सबाई आणि ड्रायव्हरकाकांना, सांगितलं. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, मलाही हेच सांगितलं." ड्रायव्हरकाका हसले. "मलाही. वर म्हणाले, बघतो. डोळे मिटून बघत असतील."

काकांना भाडंच थांबवायचं होतं. नर्सबाई नको म्हणाल्या. उलट आपल्यालाच बाहेर काढायला मालकांना निमित्त मिळेल. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून लेखी कळवू, फोटो जोडू, पोच घेऊ. तरी हलले नाहीत, तर नगरपालिकेत जाऊ. तिघांनी सह्या केल्या. मालकांनी सुतार पाठवायचं कबूल केलं.

सुतार अजून यायचा आहे.

मित्रांनो, एखादी वस्तू हलू लागली, तर तिला दोरी बांधून विसरू नका. आणि तक्रार तुमच्या एकट्याचीच आहे असं कुणी म्हणालं, तर शेजारचं दार वाजवून बघा.

आज संध्याकाळी वरचं दार उघडलं. अक्कानं हाक मारली नव्हती. ती कधीच मारत नाही. मावशीनं फणी कमरेला खोचली, वरच्या पायरीवर बसली आणि मला हात न लावता, बसल्या बसल्याच एक पायरी खाली सरकली.