दोन पासपोर्टांतला एक कोट

मी चौकडीचा कोट बोलतोय. आज माझं एकही बटण मूळचं उरलेलं नाही, पण एके काळी मी दोन माणसांची सरकारी ओळख होतो.

साताऱ्याच्या दिनकर शिंप्यानं मला दत्तात्रयच्या लग्नासाठी शिवलं. लग्नानंतर आठव्याच दिवशी तो मला घालून बोटीवर चढला, तो थेट जर्मनीत डार्मश्टाटला आला, इंजिनिअरिंगच्या डॉक्टरेटसाठी. खोलीत सोबतीला श्रीपाद. उंची सहा फूट, आणि कोट विकत घ्यायचा असतो हे त्याच्या गावीही नव्हतं. प्रोफेसरांकडे चहा असो की सिनेमा, तो मलाच अंगात चढवी. माझ्या बाह्या त्याला जेमतेम कोपराच्या पुढे पोचत.

अठ्ठावन्न साली पत्र आलं, दत्तात्रयच्या बायकोची, सरलाची, बोट इटलीत जिनोआला लागतेय. दत्तात्रय तिला आणायला निघाला. श्रीपाद म्हणाला, "मीही येतो, इटली बघून घेतो." नेमका तेव्हाच वाटेतल्या एका देशानं नवा नियम काढला: प्रवाशांनी आधी व्हिसा घ्यावा, अर्जाला कोटातला फोटो लावावा. दोघं फ्रँकफर्टला गेले आणि एकामागून एक मला घालून फोटो काढून आले.

व्हिसाच्या कचेरीतल्या साहेबानं दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि भिंगातून माझ्या चौकड्या मोजल्या.

"आल्झो, म्हणजे माणसं दोन आणि कोट एकच?"

श्रीपाद गंभीरपणे म्हणाला, "आमच्याकडे सगळे पुरुष हाच कोट घालतात."

साहेबाला ते पटलं. दोघांच्याही व्हिसावर ‘ओळखीची खूण’ या रकान्यात त्यानं लिहिलं: चौकडीचा कोट.

झालं! सरहद्दीवर दत्तात्रयची तपासणी झाली, की त्यानं मला खिडकीतून शेजारच्या डब्यातल्या श्रीपादकडे फेकलं. शिपाई तिकडचं दार उघडायच्या आत श्रीपादनं मला चढवलं. माझी एक शिवण तिथंच गेली.

गाडीला दोन तास उशीर. दोघं बंदराकडे पळत सुटले, मी श्रीपादच्याच अंगात, दत्तात्रय मागे पडलेला. सरला शिडीवरून उतरली. आठ दिवसांच्या संसारात बिचारीनं मान खाली घालून नवऱ्याच्या तोंडापेक्षा माझी बटणंच जास्त पाहिली होती. ती सरळ आली, वाकून पाया पडली.

"अहो, किती वाळलात! आणि उंच कसे झालात?"

श्रीपाद दोन हात मागे उडाला. "वहिनी, मी नव्हे! मी नुसता कोट घातलाय! अरे दत्ता, ये ना लवकर!"

सरलाचा चेहरा लालबुंद झाला. तिनं मला उतरवून घेतलं आणि घडी करून हातावर घेतलं. श्रीपाद इटली बघायला मागे राहिला. परतीच्या गाडीत सरलानं मला मांडीवरून हलू दिलं नाही.

सरहद्दीवर शिपायानं व्हिसा वाचला, कोट नसलेल्या दत्तात्रयकडे पाहिलं आणि तिला विचारलं, "हे तुमचे पती?"

सरलानं नवऱ्याला नखशिखांत न्याहाळलं.

"हो, हेच," ती म्हणाली. मग मराठीत पुटपुटली, "आजच नीट पाहिले."

आठवड्यानं श्रीपादची तार आली: सरहद्दीवर अडकलोय. कोट पाठवा.

आता मी फ्रँकफर्टला असतो. थंडीत सरला मला घालून बटाटे आणायला जाते. वाचकहो, फोटोला जाताना आपापला कोट घाला. चौथं माणूस मला झेपायचं नाही.